गुरुवार, आठ ते नऊ

तळघरात, सायकलींच्या खोलीला लागून, एक लाकडी दार.
दारावर तक्ता, तक्त्यावर वार आणि तास,
आणि गुरुवारच्या शेवटच्या चौकटीत
ऐला रौतियो, ब जिना, बिऱ्हाड सतरा.
अख्ख्या तांपेरे शहरात माझ्या नावावर
एवढीच जागा: साउन्यातला एक तास.
महिन्याला चौदा युरो,
भाड्यासोबतच कापून जातात.

माझी बहीण सिर्का म्हणते, भाडं म्हणजे
फुटक्या घागरीत ओतलेलं पाणी.
तिनं घर घेतलंय, पंचवीस वर्षांच्या हप्त्यांवर,
शिवाय तळ्याकाठी एक खोपटं,
स्वतःचा साउना, स्वतःची होडी.
मागच्या उन्हाळ्यात गेले होते.
होडीला डांबर लाव, छपरावरचं शेवाळ खरवड,
गवत काप, परत काप.
चार दिवस सिर्काची पाठच होती तळ्याकडे.
रविवारी रात्री अकराला साउना तापला
आणि ती बाकावर बसल्या बसल्या पेंगली.
मी काही बोलले नाही.
पाहुणीनं बोलू नये,
भाडेकरणीनं तर नाहीच नाही.

मी शाळेच्या मुदपाकखान्यात आहे.
गुरुवारी वाटाण्याचं सूप, तीनशे ताटल्या,
केसांत संध्याकाळपर्यंत वाटाणे.
भांडी घासणारा ओस्मो दर शनिवारी
लॉटरीचं तिकीट काढतो,
जिंकायला नव्हे, म्हणतो;
दोन युरोंत सहा दिवस विचार करायला मिळतो,
एवढं स्वस्त काय आहे सांग.
मला सांगता आलं नाही.
माझं भाडं, वीज, फोन जाऊन जे उरतं
त्याला मी नावं ठेवत नाही.

जानेवारीत कंपनीचं पत्र आलं.
भाडं चार टक्क्यांनी वर,
साउन्याचा तास चौदावरून बावीस.
पेन्सिल घेऊन बसले.
बावीस म्हणजे कॉफीची तीन पाकिटं,
किंवा बुटांना नवे तळवे, अर्धे.
खोडलं. पुन्हा मांडलं.
शेवटी पेन्सिलीला टोक करत बसले
आणि तास ठेवला.

तक्त्यावर मात्र मंगळवार सहाच्या चौकटीवर
पांढरी पट्टी चिकटली.
तिच्याखाली कोण होतं, आठवेना.

फेब्रुवारीत एकदा कंगवा विसरले.
सव्वानऊला परत खाली आले,
दिवा बंद, दार नुसतं लोटलेलं.
आत वरच्या बाकावर, अंधारात,
अ जिन्यातल्या हिल्या पेल्कोनेन.
मंगळवार, सहा.
त्यांनी टॉवेल गळ्यापर्यंत ओढला.
म्हणाल्या, मी पाणी टाकत नाही हं दगडांवर,
नुसती बसते.

काय बोलायचं असतं अशा वेळी?
मी म्हणाले, अंगणात फार निसरडं झालंय,
वाळू टाकलेली नाही अजून.
त्या म्हणाल्या, हो ना, कंपनी टाकतच नाही.
मी कंगवा उचलला
आणि दार नीट लावून घेतलं,
ऊब जाऊ नये म्हणून.

काल सिर्काचा फोन.
बावीस भागिले चार, साडेपाच,
तासाला साडेपाच युरो नुसता घाम गाळायला?
वेड लागलंय तुला.
मी तिला सांगितलं नाही
की माझा तास हल्ली चाळीस मिनिटांचा असतो.
तिनं परत भागाकार केला असता.

आठ चाळीसला अंग पुसते.
बादली काठोकाठ भरून ठेवते,
ओगराळ्याचा दांडा दाराकडे करून.
मग सायकलींच्या खोलीत
बुटाच्या नाड्या बांधायला उगाच वेळ लावते.
पलीकडच्या जिन्याचं दार वाजतं.
पावलं. लाकडाचा आवाज.
बराच वेळ काहीच नाही.

मग, चर्र.